अमेरिकन गाडीची न सांगितलेली खोड

गाडीला काय होतंय हे गिऱ्हाईक कधीच सरळ सांगत नाही. आधी ते कुठून निघालं, वाटेत कोण भेटलं, मेव्हणा काय म्हणाला, हे सगळं होतं आणि मग स्वारी मुद्द्यावर येते, "ताई, डाव्या अंगाला कायतरी कुरकुरतंय." नारायणगावच्या अलीकडे हायवेला एका अमेरिकन मोटार कंपनीचं शोरूम होतं. त्याच्या मागच्या वर्कशॉपमध्ये सोळा वर्षं मी हे कुरकुरणं ऐकून कागदावर उतरवत होते. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांनी गाडी घेतली त्यांना ते विसरता येत नाही, आणि ज्यांनी नाही घेतली त्यांना सांगून उपयोग नाही.

माझ्या हुद्द्याचं नाव सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. ऐकायला वकिलीसारखं वाटतं, पण काम मधल्या माणसाचं. मेकॅनिक गिऱ्हाइकाला भेटत नाही, गिऱ्हाईक मेकॅनिकला भेटत नाही. दोघांच्या मध्ये मी आणि माझं जॉबकार्ड. गाडी किती चालली, कुठे खरचटली आहे, टाकीत डिझेल किती, आणि तक्रार काय, हे त्या कागदावर लिहायचं. मी चुकीचं लिहिलं तर मेकॅनिक धडधाकट गाडीचं इंजिन उघडून बसणार. कंपनीच्या छापील यादीत सगळ्या आवाजांना मिळून 'नॉईज' असा एकच शब्द होता. आमच्याकडे खडखड म्हणजे सैल पत्रा, कुईकुई म्हणजे पट्टा, घरघर म्हणजे बेअरिंग. मी कार्डावर सरळ मराठीत लिहायला लागले. तपासणीला आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं, पण आमचे हेड मेकॅनिक रफीकभाई म्हणाले, "साहेब, या बाईचं कार्ड वाचलं की मला गाडी चालवून बघायला लागत नाही." त्या वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. पगारवाढीपेक्षा ते मला जास्त पुरलं.

सुरुवातीचे दिवस फार देखणे होते. जुन्नर तालुक्यात तोवर लोक गाडी घ्यायला पुण्याला जात. इथे पहिल्यांदाच काचेची इमारत आली, आत गार हवा आली, आणि चप्पल बाहेर काढून आत येणारी माणसं आली. "अहो, चप्पल घालून या," असं सांगायला आम्हाला दारात एक माणूस ठेवावा लागला. टोमॅटोला चांगला भाव मिळाला की महिन्याभरात आमच्याकडे गर्दी होई. एका बागायतदाराने नवी कोरी गाडी घेतली आणि दोन महिन्यांत तक्रार घेऊन आला की एसीतून वास येतो. रफीकभाईंनी सीट काढली तर खाली टोमॅटोचा चिखल. "क्रेट ठेवले होते का हो?" विचारलं तर म्हणाला, "दोनच फेऱ्या मारल्या. टेम्पोवाला आला न्हाई, मग काय करायचं, राव?" त्याचं खरं होतं. आमच्याकडे गाडी ही आधी वाहन असते आणि मग शोभेची वस्तू.

बेल्ह्याचा एक बैलांचा व्यापारी तर सेल्स मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला, मॅनेजरचा हात धरला आणि वरून आपलं उपरणं टाकलं. मॅनेजर पुण्याचे; ते घाबरून माझ्याकडे बघायला लागले. बेल्ह्याच्या बाजारात जनावराचा सौदा असाच होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. मी जाऊन सांगितलं, "सर, ते तुम्हाला किंमत सांगताहेत." मॅनेजर म्हणाले, "मग तोंडाने सांगा ना." व्यापारी म्हणाला, "तोंडानं सांगाया मी काय बांगड्या इकतोय का?" शेवटी त्यांच्याशी सौदा मी केला, उपरण्याखाली. मला ती बोटं येत होती, कारण माझे वडील बेल्ह्याच्या बाजारात दलाल होते.

वडिलांच्या धंद्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जनावर विकताना त्याची खोड सांगायची, हा तिथला रिवाज. बैल मारका असेल, मध्येच बसत असेल, गाय दूध चोरत असेल, तर घेणारा विचारतो, "खोड सांगा." आणि विकणाऱ्याने सांगायची. न विचारता सांगायचं बंधन नाही, पण विचारल्यावर लपवली तर तो माणूस बाजारातून उठला. त्याच्या दावणीपुढे कोणी थांबत नाही. वडील म्हणायचे, "भाव कमी-जास्त बोललं तरी चालतं. खोडीला खोटं बोलू नये." लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांचा बाजार एवढ्या एका वाक्यावर चाले.

बुधाजी आमच्याकडे आले तेव्हा कंपनीचे दिवस फिरले होते, पण बाहेर कुणाला ते माहीत नव्हतं. बुधाजी आहुप्याचे. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं अगदी कड्यावरचं गाव. देवराई बघायला पुण्याची माणसं जातात, पण गावातून खाली यायचं तर एसटीच्या एकदोन फेऱ्या, त्याही पावसात भरवशाच्या नाहीत. बुधाजींची माणसं वाहायची जुनी जीप थकली होती. आमच्या कंपनीची डिझेलची नऊ माणसांची गाडी तेव्हा घोडेगाव, तळेघर, भीमाशंकर या सगळ्या वाटांवर दिसायची. पुढे तीन, मधे तीन, मागे तीन असं छापील हिशेबात. प्रत्यक्षात किती ते विचारू नका.

"मला धंद्यापुरती नगं," बुधाजी म्हणाले. "आमच्या गावच्या तीन पोरी घोडेगावला कॉलेजला जात्यात. सकाळी साडेसहाला निघायचं, सांजच्याला आणायचं. त्यांच्या घरी मी शबुद दिलाय, तिघींचं कॉलेज पुरं व्हईस्तवर गाडी एक दिस चुकणार न्हाई. म्हणून बापांनी धाडलंय त्यांना. न्हाईतर त्यांची लग्नं ठरत व्हती."

मग मी कुठली हे विचारलं. बेल्ह्याची, अमक्या दलालाची मुलगी, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी माझ्या वडिलांकडून एकदा बैलजोडी घेतली होती. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मंग ताई, आता तुमीच खोड सांगा."

मला खोड माहीत होती. वर्षभरापासून आमची ट्रेनिंगं बंद होती. पार्ट मागवला की 'उपलब्ध झाल्यावर पाठवू' असं उत्तर येई. नवीन मॉडेल येणार येणार म्हणत आलं नव्हतं. आठवड्यापूर्वीच मीटिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की बाजारात अफवा आहेत, गिऱ्हाइकाशी कोणी काही बोलायचं नाही, आणि उभा स्टॉक या महिन्यात गेला पाहिजे. पक्कं कोणी काही बोललं नव्हतं, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून पाहिलं. पण दलालाच्या मुलीला जनावर बसणार आहे हे त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. मला कळलं होतं.

मी म्हणाले, "काही खोड नाही, बुधाभाऊ. एवढी मोठी अमेरिकेची कंपनी आहे. ती कुठे जातेय?"

त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाने इंटरनेटवर बघितलं असतं, चार ठिकाणी चौकशी केली असती. बुधाजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं आणि रिवाजाप्रमाणे त्यांना उत्तर मिळालं होतं. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. चार दिवसांनी झेंडूचा हार घातलेली गाडी आमच्या गेटमधून बाहेर पडली.

अडीच महिन्यांत कंपनीने जाहीर केलं की ती या देशात गाड्या विकणं बंद करत आहे. आम्हाला ते टीव्हीवर कळलं. काउंटरवर त्या दिवशी एवढी माणसं होती की मला पाणी प्यायलाही उठता आलं नाही. आमच्या हातात एक छापील उत्तर दिलं होतं: सर्व्हिस चालू राहील, पार्ट मिळत राहतील, काळजी नसावी. मी ते दिवसभर म्हणत राहिले. संध्याकाळपर्यंत ते इतकं पाठ झालं की पुढे माझ्या तोंडून ते आपोआपच निघायला लागलं. माझी दुसरी चूक तिथून आली.

गाडी विकणं बंद झालं म्हणजे लगेच काही बिघडत नाही, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. गाडीतल्या पुष्कळ वस्तू नारायणगावच्या लेथवर बनतात, पुष्कळ दुसऱ्या कंपनीच्या बसतात. अडतं ते एका डब्यापाशी. इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं हे ठरवणारा एक कॉम्प्युटर असतो, वहीएवढा, अ‍ॅल्युमिनियमचा. तो गाडीच्या किल्लीला ओळखतो. दुसरा डबा आणून लावला तर तो किल्लीला ओळखत नाही, आणि ती ओळख करून द्यायला कंपनीचं मशीन लागतं. मशीन आमच्याकडे होतं. त्याचा परवाना कंपनीने नव्याने द्यायचा असे, तो आता येत नव्हता.

तिसऱ्या पावसाळ्यात बुधाजींच्या गाडीच्या डब्यात पाणी गेलं. टेम्पोला बांधून गाडी खाली आणली. रफीकभाईंनी डबा उघडून मला दाखवला. आत हिरवा थर चढला होता. "हा गेला," ते म्हणाले. किल्लीशी ओळख करून देऊनच पाठवा, असं लिहून मी नवा मागवला. उत्तर आलं, उपलब्ध झाल्यावर पाठवू. तोवर दोन मुलींचं कॉलेज पुरं होऊन त्या सुटल्या होत्या. तिसरी, अश्विनी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं प्रॅक्टिकल असे, ते चुकवून चालत नसे.

बुधाजी दर आठवड्याला येत. वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीभोवती एक फेरी मारत, मग माझ्यासमोर बसत. "आलं का वो ताई कायी?" मी नाही म्हणायची. श्रावणात भीमाशंकरला गर्दी असते, तेव्हा त्यांनी तळेघरच्या एकाची गाडी रोजंदारीवर चालवायला घेतली. घरी चूल पेटायला हवी होती.

भाद्रपदात एक दिवस एक उंच, काटक माणूस काउंटरला आला. टोपी काढून म्हणाला, "मी आहुप्याचा चिंधू. अश्विनीचा बाप. बुधा म्हनतो गाडीला पार्ट मिळत न्हाई. लोक म्हनत्यात त्यो भीमाशंकरला भाडी मारतोय, त्याला आमच्या पोरीची एक शीट परवडत न्हाई. मला खरं काय ते सांगा. खरंच मिळत न्हाई का?"

त्या सकाळी शोरूमचे मालक मागेच उभे होते. ते नसते तरी मी काय बोलले असते, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मी म्हणाले, "पार्ट मिळतात, बाबा. कंपनीची हमी आहे. आठ-दहा दिवसांत येईल."

चिंधूबाबा म्हणाले, "मिळतंय नव्हं? बरं." आणि टोपी घालून निघून गेले. मला वाटलं मी त्यांना धीर दिला. खरंच तसं वाटलं, आणि मी पुढचं कार्ड हातात घेतलं.

डबा आला नाही तो नाहीच. गाडी बंद पडल्यापासून चार महिन्यांनी रफीकभाईंना चाकणच्या भंगारात याच मॉडेलची अपघातातली गाडी सापडली. त्यांनी नुसता डबा नाही काढला. डबा, किल्ली आणि किल्लीचं कुलूप असा सगळा संच एकत्र उचलला. एकमेकांना ओळखणारी माणसं एकत्रच आणली की ओळख करून द्यावी लागत नाही, असं त्यांचं साधं गणित. बुधाजींची गाडी दुसऱ्या गाडीच्या किल्लीवर सुरू झाली. माझ्या सोळा वर्षांत वर्कशॉपमध्ये टाळ्या वाजल्या त्या फक्त त्या दिवशी. बुधाजी मात्र हसले नाहीत. किल्ली घेतली, रफीकभाईंच्या पाया पडायला वाकले, रफीकभाईंनी अडवलं, आणि ते गाडी घेऊन गेले.

पुढे वर्षभरात शोरूम बंद झालं. काचेवरचं नाव उतरवलं तेव्हा त्याच्या मागची काच तेवढीच स्वच्छ राहिली होती, त्यामुळे नाव बरेच दिवस वाचता येत होतं. आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. रफीकभाईंनी मंचरला स्वतःचं गॅरेज काढलं. त्याच अनाथ गाड्या ते जगवतात, आणि त्यांची जॉबकार्डं मी लिहिते.

गेल्या साली बुधाजी तिथे ऑइल बदलायला आले. गाडी अजून चालते. मी सहज विचारलं, "अश्विनी काय करते आता?"

"तळेघरला दिली," ते म्हणाले. "प्रॅक्टिकल हुकलं, वरीस गेलं. बाप म्हनला बास. तिकडं भात, नाचनी करती."

"आणि तिचे वडील? बरे आहेत?"

"असतील. बोलत न्हाई माज्याशी. गाडीत बसत न्हाई. खालच्या फाट्यावरनं चालत वर येत्यात, पर माज्या गाडीला हात करत न्हाईत. त्यांनी तुमच्या हापिसात इचारलं व्हतं म्हनं. पार्ट मिळतोय असं तुमी सांगितलं. गावात मंग मी खोटा पडलो." ते हे अगदी शांतपणे सांगत होते, गाडीची तक्रार सांगावी तसं. "मी म्हनलं, ताईंचा कायतरी घोटाळा झाला आसल."

माझ्या हातात पेन होतं ते मी खाली ठेवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. चिंधूबाबांना मी खोटं सांगितलं हे, आणि त्याच्या आधीचंही. गाडी घेताना त्यांनी खोड विचारली तेव्हा कंपनी जाणार हे मला दिसत होतं, ते.

रफीकभाई गाडीखाली होते, त्यांचा पान्याचा आवाज थांबला. मग बुधाजी म्हणाले, "माजं काय, मी गाडी चालवतोय. मला सांगून काय उपेग? त्यास्नी सांगा."

मी भातकापणीच्या दिवसांत आहुप्याला गेले. बुधाजींच्याच गाडीतून, पुढच्या सीटवर. त्यांनी मला गावाच्या तोंडाशी सोडलं आणि म्हणाले, "मी हितंच थांबतो. त्यांच्या दारात मी जात न्हाई."

चिंधूबाबांच्या खळ्यात भात झोडायचं काम चाललं होतं; तिथून बुधाजींची गाडी दिसत होती. अश्विनी कामाला माहेरी आली होती. डोक्याला फडकं बांधून पेंढ्या बापाच्या हातात देत होती. मी ओळख दिली. चिंधूबाबांनी मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं आणि अश्विनीला पाणी आणायला सांगितलं. मी म्हणाले, पाणी नंतर, आधी ऐका. आणि दोघांसमोर सांगितलं की पार्ट मिळत नव्हता. चार महिने मिळत नव्हता. मला त्या दिवशीही माहीत होतं.

अश्विनी म्हणाली, "मी सांगत व्हते ना, आबा." एवढंच म्हणाली आणि पेंढी उचलायला वळली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला काही बोलेल. ती भात झोडायला लागली, आणि प्रत्येक फटक्याला दाणे माझ्या पायापर्यंत उडत राहिले.

चिंधूबाबा उभेच होते. त्यांनी टोपी काढली, हातात धरली.

"म्हंजी बुधा खरं बोलत व्हता," ते म्हणाले.

"हो."

"आन् तुमी?"

"मी नाही."

त्यांनी मान हलवली. मग अंगावरचा भुसा न झटकता ते खळ्यातून उतरले आणि बुधाजींची गाडी उभी होती त्या दिशेने चालू लागले.